घसरलेला रकाना

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी आमच्या घरात दोन याद्या तयार होतात. पहिली फराळाच्या सामानाची. तिच्यावर सौभाग्यवतींची सत्ता. दुसरी कोणाकोणाच्या घरी डबे पाठवायचे त्यांची. तिच्यावरही सत्ता त्यांचीच, फक्त डबे पोचवण्याचे काम माझे. दोन्ही याद्या पाठकोऱ्या कागदावर असतात आणि दोन्हींत मधोमध एक उभी रेघ मारलेली असते. रेघेच्या डावीकडे नाव, उजवीकडे वजन किंवा डब्यांचा आकडा. या उभ्या रेघेची किंमत मला चाळिशी उलटल्यावर, चांगली फजिती झाल्यानंतर कळली. त्या फजितीचीच ही हकीकत.

मी चंद्रपूरला मराठीचा प्राध्यापक आहे. पुण्या-मुंबईकडच्या मंडळींना आमचा मुलूख वाघ आणि जंगल एवढ्यावरूनच ठाऊक असतो. चंद्रपूर आणि गडचिरोली हा १९८२ च्या ऑगस्टपर्यंत एकच जिल्हा होता. त्याचे दोन झाले, तरी जंगलाला आणि भाषांना ती सीमा अजून समजलेली नाही. वैनगंगेच्या आजूबाजूला झाडीबोली चालते. तिच्यात ‘ण’ नाही आणि ‘ळ’ही नाही. तिथे पाण्याचे पानी होते आणि डोळ्याचा डोरा. पूर्वेला एटापल्ली-भामरागडच्या डोंगरांत माडिया, अलीकडे गोंडी, दक्षिणेला प्राणहिता ओलांडण्याआधीच सिरोंच्याला तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याच्या बाजूला पूर्व बंगालमधून येऊन वसलेल्यांची बंगाली. माझ्या एका वर्गात चाळीस मुले बसतात, त्यांच्यात पाच मातृभाषा सहज निघतात, आणि त्या सर्वांना मी ‘ण’ व ‘ळ’ यांचे शुद्ध उच्चार शिकवतो. या विनोदावर मुले हसत नाहीत, कारण ती सभ्य आहेत.

काही वर्षांपूर्वी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला भामरागड तालुक्यातला एक माडिया विद्यार्थी होता. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसायचा आणि तोंड क्वचित उघडायचा. एकदा मी ग्रियर्सनसाहेबांविषयी बोलत होतो. सर जॉर्ज ग्रियर्सन यांनी हिंदुस्थानातल्या भाषांची जी अवाढव्य पाहणी केली, तिचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला आणि ज्यात गोंडी आहे तो मुंडा व द्राविडी भाषांचा खंड १९०६ साली. प्रत्येक बोलीच्या माणसाला विचारण्यासाठी त्यांनी २४१ शब्दांची आणि वाक्यांची एक ठरीव यादी केली होती. एक, दोन, तीन यांपासून सुरुवात. मग मी-तू-तो, मग हात-पाय-नाक-डोळे, नातीगोती, सूर्य-चंद्र, गाय-कुत्रा. छापताना एकेका बोलीला एकेक रकाना दिला. त्यामुळे ते पान दोन तऱ्हांनी वाचता येते. उभे वाचले की एक बोली बोलू लागते. आडवे वाचले की शेजारी-शेजारी बसलेल्या बोलींची नाती उलगडतात.

मी फळ्यावर नमुना काढला. मराठी दोन-तीन-चार. शेजारी गोंडी रंड-मुंड-नालुंग. त्याच्या शेजारी तेलुगू रेंडु-मूडु-नालुगु. मराठी बाजूला राहिली आणि उरलेल्या दोघी बहिणी आहेत, हे समजायला व्याकरणाचे पुस्तक लागले नाही. पुढे डोळा घेतला. गोंडीत कन, तेलुगूत कन्नु. दात घेतला. इकडे पल, तिकडे एकवचनी पन्नु पण अनेकवचनी पल्लु. (गावागणिक उच्चार थोडा हलतो, मी ढोबळ रूपे देतो आहे.) शेवटच्या बाकावरचा मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा आपण होऊन पुढे आला. “सर, हे आमचंच आहे,” एवढेच म्हणाला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो गावी गेला आणि दोनशे पानांची वही भरून आला. गावात आजीजवळ बसून त्याने शब्द टिपले होते. ग्रियर्सनची यादी घेतली होतीच, शिवाय स्वतःची भर घातली होती: झाडे, रानभाज्या, मासे, टोपल्यांचे प्रकार, पावसाचे प्रकार. सगळे मिळून ६१२ शब्द. पट्टीने उभ्या रेघा मारल्या होत्या. त्या वहीकडे मी बराच वेळ बघत बसलो. आमच्या विभागात पीएच्.डी.चे प्रबंध येतात; इतका स्वच्छ कागद मी त्यांत पाहिलेला नाही.

आम्ही ठरवले की हा संग्रह महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात छापायचा. चार रकाने करायचे: मराठी, झाडीबोली, माडिया, तेलुगू. झाडीबोलीचे शब्द दोन मुलींनी आणले, तेलुगूचे सिरोंच्याच्या एका मुलाने. संगणकावर उतरवून घेण्याचे काम मी उत्साहाने अंगावर घेतले. मुलांची परीक्षा होती आणि मला वाटले, टंकलेखनात काय मोठे आहे!

येथे मी दोन अपराध केले. पहिला असा की, रकाने पाडण्यासाठी मी शब्दांमध्ये मोकळी जागा सोडत गेलो. मोकळ्या जागेची ती लांब पट्टी एकदा दाबली, दोनदा दाबली, दहादा दाबली, दुसरा शब्द पहिल्या ओळीतल्या शब्दाच्या बरोबर खाली येईपर्यंत दाबत राहिलो. पडद्यावर रकाने सरळ दिसले की मी खूश. दुसरा अपराध अधिक गंभीर. मी आधी सगळे मराठी शब्द उतरवले, मग सगळे झाडीबोलीचे आणि मग वही उघडून माडियाचा रकाना वरून खाली भरत गेलो. ग्रियर्सनच्या यादीत गाढवानंतर उंट येतो. विद्यार्थ्याने आजीला उंट विचारला होता. आजीने उंट पाहिला नव्हता, ऐकला नव्हता आणि चित्र दाखवल्यावरही तिला त्याला नाव द्यावेसे वाटले नव्हते. मुलाने प्रामाणिकपणे ती चौकट रिकामी ठेवली होती. माझी नजर त्या रिकाम्या चौकटीवरून घसरली आणि पुढचा शब्द मी उंटासमोर बसवला. तो शब्द पक्ष्याचा होता. तिथून पुढे प्रत्येक माडिया शब्द एक पायरी वर चढला. सत्त्याऐंशीव्या ओळीपासून सहाशेबाराव्या ओळीपर्यंत!

शेवटी एक जागा रिकामी उरली तेव्हा तरी मला शंका यायला हवी होती. मला वाटले, मुलाचा एक शब्द विचारायचा राहून गेला असेल. मी त्याच्यावर मनातल्या मनात थोडा रागावलोसुद्धा.

मग तेलुगूचा रकाना भरला. महिनाभर दुरुस्त्या चालल्या: ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, कुठे मराठी अर्थ बदलला, कुठे झाडीबोलीचा पर्यायी शब्द घातला. अशा शेकडो दुरुस्त्या त्या कागदात मुरल्या. अंक छापायला जायला चार दिवस उरले असताना विद्यार्थी म्हणाला, “सर, छापण्यापूर्वी आजीला एकदा वाचून दाखवू या.”

चंद्रपूरहून बल्लारपूर, आष्टी, आलापल्ली करत, हेमलकसा मागे टाकून भामरागडला पोचायचे म्हणजे दिवस जातो. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्या तिथे भेटतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. ही बातमी जवळजवळ दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात येते आणि आतल्या पानावर येते. आम्ही हिवाळ्यात गेलो, म्हणून रस्ता होता. पुढे त्याच्या गावापर्यंत मोटारसायकल.

आजी अंगणात बसली होती. मी मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवासारखा खाटेवर बसलो आणि वाचू लागलो. मी मराठी शब्द म्हणायचा, नातवाने तो आजीला समजावायचा, मग मी कागदावरचा माडिया शब्द वाचायचा. पहिले ऐंशी शब्द सुरळीत गेले. आजी मान डोलवत होती, मधूनच माझा उच्चार सुधारत होती. पुढचे काही शब्द तिने ऐकले, नातवाकडे पाहिले, काही बोलली नाही. पाहुणा मोठ्या गावचा आहे, त्याला कसे सांगावे, असा भाव असावा. मी अवयवांवर आलो. म्हटले, “डोळा – पल.”

आजीने तोंड उघडून आपला उरलेला दात मला बोटाने दाखवला.

“दात – कय.” तिने हात वर केला. “हात – लोन.” तिने मागे वळून घराकडे बोट केले. आता अंगणात जमलेली पोरे हसू लागली होती. मी घामाघूम. “घर – येर,” मी म्हटले. येर म्हणजे पाणी. आजी काही तरी बोलली आणि सारे अंगण खदखदले. नातू सांगायला तयार होईना. फार आग्रह केला तेव्हा म्हणाला, “सर, ती म्हणते, पावसाळ्यात तसंच असतं.”

मी हसलो, पण परतताना माझ्या पोटात गोळा आला होता. हा कागद तसाच छापला गेला असता तर? वार्षिक अंक ग्रंथालयात बांधून ठेवतात. पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक येईल, तोपर्यंत आजी नसेल, कदाचित नातवालाही सगळे शब्द आठवणार नाहीत. माडियात डोळ्याला ‘पल’ म्हणतात असे तो लिहील आणि खाली आमच्या अंकाचा आधार देईल. या मुलखातल्या लोकांच्या बोलीबद्दल बाहेरच्यांनी आधीच पुष्कळ चुकीचे लिहून ठेवले आहे. त्यात मी ५२५ शब्दांची भर घातली असती, आणि तीही शुद्धलेखन तपासून!

घरी आल्याबरोबर दुरुस्तीला बसलो. वाटले होते, उंटासमोर एक रिकामी जागा घातली की माडियाचा रकाना एक घर खाली सरकेल. करून पाहिले तो सगळीच ओळ मोडून खाली आली, तेलुगूही माडियाच्या जागी येऊन बसली. माउसने माडियाचा रकाना धरायला जावे तर आख्ख्या ओळीच्या ओळी निळ्या होत. मी एक खांब धरू पाहत होतो आणि हातात मजलेच्या मजले येत होते.

याचे कारण समजले तेव्हा नवल वाटले. कागदावर आपल्याला जी उभी रांग दिसते ती यंत्राच्या लेखी मुळात नसतेच. यंत्राच्या दृष्टीने सगळा मजकूर ही एकच लांबलचक माळ. अक्षरामागे अक्षर, मोकळ्या जागेमागे मोकळी जागा, ओळ संपली हे सांगणारा एक अदृश्य मणी, पुन्हा अक्षरे. ‘डोळा’खाली ‘दात’ दिसतो तो आपल्या डोळ्यांना. माळेत त्या दोघांमध्ये ‘डोरा’, माडिया शब्द, तेलुगू शब्द आणि मी दाबलेल्या पंचवीस-तीस मोकळ्या जागा पडलेल्या असतात. माळ नेहमीच्या रीतीने धरली की मधले सगळे मणी आपोआप मुठीत येतात.

परीक्षेचे दिवस, महाविद्यालयातले संगणक जाणणारे सहकारी रजेवर. सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तिथे एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी दिवसभर अर्ज, करारनामे आणि लग्नपत्रिका टंकलिखित करीत असते. तिला प्रकार सांगितला. तिने पान वर-खाली करून पाहिले आणि म्हणाली, “सर, तुम्ही स्पेस दाबून रकाने केलेत?” डॉक्टर ज्या स्वरात ‘तुम्ही तंबाखू खाता?’ असे विचारतात तो स्वर. मग डाव्या हाताने तिने आल्टची कळ दाबून धरली, उजव्या हाताने माउस माडियाच्या पहिल्या शब्दाच्या कोपऱ्यावर ठेवून तिरका खाली ओढला, आणि काय सांगू! पडद्यावर फक्त माडियाचा रकाना निळा झाला. दोन्ही बाजूंचे शब्द जागच्या जागी. आठवडाभर मी ज्या खांबाला मिठी मारत होतो तो तिने दोन बोटांनी उचलला.

वाचकांपैकी ज्यांना घरी उपयोग होईल त्यांच्यासाठी कृती जरा सविस्तर देतो. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये आल्ट दाबून धरावी आणि माउस चौकटीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत ओढावा. माउस आधी सोडावा, कळ नंतर. न ओढता नुसतीच टिचकी मारली तर बाजूला शोधाची एक भलतीच खिडकी उघडते. घाबरू नये, ती बंद करून पुन्हा सुरुवात करावी. ज्यांना माउस धरवत नाही त्यांनी कंट्रोल, शिफ्ट आणि एफ-८ या तीन कळा एकदम दाबाव्यात आणि बाणांच्या कळांनी चौकट वाढवावी. सोडून द्यायचे असेल तर एस्केप. लहान संगणकावर एफ-८ साठी एफएन नावाची आणखी एक कळ सोबत दाबावी लागते, म्हणजे चार बोटांची कसरत. हार्मोनियम येत असेल त्याला सोपी. मॅकवर आल्टऐवजी ऑप्शन. फुकट मिळणाऱ्या लिबरऑफिसमध्ये एडिटच्या यादीत सिलेक्शन मोड आणि त्यात ब्लॉक एरिया असे लिहिलेले सापडते. असा धरलेला उभा तुकडा मग नकलून घ्या, पुसून टाका, ठळक करा, रंगवा. लग्नाच्या पाहुण्यांच्या यादीत प्रत्येक नावाआधी चुकून हाताने घातलेले क्रमांक एका झटक्यात काढायचे असले तर याच्यासारखे साधन नाही. नोटपॅड प्लस प्लस या साध्या लेखनपाटीत तर त्याच आल्टने उभी रेषा धरून टंकले की प्रत्येक ओळीत एकदमच अक्षर उमटते. आमच्या चिरंजीवांनी मला ते दाखवले तेव्हा मी शंभर ओळींत एकदम ‘श्री.’ लिहून घेतले आणि सौभाग्यवतींना बोलावून दाखवले. त्यांनी विचारले, “आणि ‘सौ.’ कोण लिहिणार?”

युक्ती नवी नाही. १९७८ साली निघालेल्या आणि पुढे आपल्याकडच्या कित्येक कचेऱ्यांतून चाललेल्या वर्डस्टारमध्येही कंट्रोल-के आणि एन दाबले की उभा तुकडा धरण्याची सोय होती. त्या काळी ती अधिक सरळ चाले, कारण पडद्यावरचे प्रत्येक इंग्रजी अक्षर सारख्याच रुंदीचे असे. ओळीत ऐंशी घरे, प्रत्येक घरात एक अक्षर, काड्यासारखे असो की हत्तीसारखे असो. ही ऐंशी घरेसुद्धा जुन्या भोकाच्या कार्डांवरून आलेली. १९२८ च्या आयबीएमच्या कार्डावर ऐंशी रकाने होते. सारख्या विटा असल्या की भिंत ओळंब्यात राहते.

आपली देवनागरी या बाबतीत स्वाभिमानी आहे. तिच्यात ‘र’ अंग चोरून उभा राहतो आणि ‘क्ष’ ऐसपैस बसतो. टाइपरायटरने तिला थोडे वळण लावले होते. त्यावर कानासुद्धा स्वतंत्र टिचकीने उमटे आणि वरच्या-खालच्या खुणांसाठी गाडा पुढे न सरकवणाऱ्या कळा असत. संगणकाच्या सुरेख अक्षरांत ते वळण राहिले नाही. शिवाय आतली मोजणी निराळीच. १९९१ साली आलेल्या युनिकोडच्या व्यवस्थेत ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर दिसते, पण यंत्र तिथे सहा खुणा मोजते: स, हलन्ताची खूण, त, पुन्हा हलन्ताची खूण, र आणि दीर्घ वेलांटी. ‘कि’मधली वेलांटी आपण आधी पाहतो, यंत्र ती ‘क’नंतर साठवते. तेव्हा अक्षरे मोजून किंवा जागा मोजून उभा रकाना साधू म्हणणाऱ्याची देवनागरीत फसगत ठरलेली. माझे रकाने माझ्या पडद्यावर सरळ दिसत होते, दुकानातल्या यंत्रावर दुसरा फाँट असल्यामुळे ते वाऱ्यावरच्या बांबूसारखे झुकले होते. चौकटीच्या कडेवर एखादा शब्द अर्धा सापडे, एखादा सुटे.

म्हणून त्या मुलीने सगळा रकाना एका दमात उचलला नाही. पंचवीस-तीस ओळींचा तुकडा घ्यायचा, जिथे दोन रकान्यांमधली वाट तेवढ्यापुरती सरळ आहे तिथून चौकट ओढायची, नक्कल करून स्प्रेडशीटच्या कोऱ्या कोष्टकात चिकटवायची. प्रत्येक ओळ आपल्या घरात जाऊन बसे. चारही रकाने असे एकेक करून उतरवले. प्रत्येक तुकड्यानंतर ती घरे मोजत होती: “सर, मराठी अठ्ठावीस, माडिया अठ्ठावीस, बरोबर.” मध्येच कोणी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज घेऊन आला की काम थांबे आणि मी ती संख्या मनात जपत उभा राही. कडेला तुटलेले शब्द मी तिथेच वहीवरून दुरुस्त केले. दुपारी दोनच्या सुमाराला चार रकाने उभे राहिले. मग तिने उंटाच्या ओळीत माडियाच्या घरावर टिचकी मारली आणि एक रिकामे घर घालून खालचे सगळे एकेक घर खाली सरकवण्याची आज्ञा दिली. ५२५ शब्द एकदम एक पायरी उतरले. येर पाण्यासमोर आले, लोन घरासमोर आले, आणि आजीचा दात दाताच्या जागी गेला. विद्यार्थी माझ्या शेजारी उभा होता. त्याने शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवून पाहिले.

तिने सगळ्या कामाचे साठ रुपये घेतले. मी जास्त देऊ लागलो तर म्हणाली, “त्यापेक्षा पुढच्या वेळी आधीच टेबल करा.” तिचे म्हणणे खरेच आहे. आल्टची कळ हे बिघडल्यावरचे औषध. मूळ पथ्य म्हणजे रकान्याचा मजकूर पहिल्यापासून कोष्टकातच लिहावा. कोष्टकात रकाना धरायला कळही लागत नाही. वरच्या कडेवर माउस नेला की खाली तोंड केलेला काळा बाण दिसतो, तिथे टिचकी मारली की सारा रकाना हातात. कोष्टक नको असेल तर निदान टॅबची कळ वापरावी. दोन शब्दांमध्ये एकच टॅब असेल तर वर्डमध्ये इन्सर्ट, टेबल आणि कन्व्हर्ट टेक्स्ट टू टेबल अशा वाटेने पुढे केव्हाही त्याचे कोष्टक करून मिळते. मोकळ्या जागेच्या पट्टीने रकाना पाडणे म्हणजे गाठ न मारता भारा बांधण्यासारखे आहे. उचलेपर्यंतच तो भारा दिसतो.

तो विद्यार्थी पुढे पदवीधर होऊन गावाकडे गेला. आता उन्हाळ्यात त्याच्या ग्रामसभेचे तेंदूपत्त्याचे लेखनाचे काम तोच पाहतो. शहरातल्या वाचकांना हे काम कदाचित ठाऊक नसेल. वनहक्कांचा कायदा २००६ साली झाला. त्याखाली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा आपल्या वनोपजाचा कारभार आपण करू लागल्या. हक्क आला तसे हिशेबही आले. तेंदूची पाने तोडून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधतात. हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. कोणी कोणत्या दिवशी किती पुडकी आणली, त्याचे किती झाले, हे सारे रकान्यांत बसते: नाव, पुडकी, रक्कम, बँकेचा खाते क्रमांक.

या यादीत रकाना एक घर सरकला तर काय होते, ते मला त्याने शांतपणे सांगितले. एका विधवेच्या मजुरीची रक्कम तिच्या खालच्या नावावर जाते, त्याची त्याच्या खालच्यावर. बेरीज मात्र बरोबर येते! सगळ्यात वाईट भाग हाच. बेरीज जुळते, शिक्का बसतो, आणि चूक कुठे आहे हे ज्याला पैसे कमी आले त्यालाच कळते. त्याला वाचता येत नसेल तर त्यालाही नाही.

म्हणून तो रक्कम बँकेकडे धाडण्यापूर्वी यादी सर्वांसमक्ष मोठ्याने वाचतो. एक नाव, एक आकडा. लोक अंगणात बसून ऐकतात आणि आपापल्या आकड्याला हुंकार देतात. नाव आडवे वाचायचे आणि हुंकार उभे मोजायचे, असे त्याने मला समजावले. पद्धत कुठे शिकलास, असे मी विचारले नाही.

आमचा शब्दसंग्रह त्या वर्षीच्या अंकात यायचा राहिला. मुदत टळली होती. पुढच्या वर्षी आला. छापण्यापूर्वी मुद्रिते आली त्यात सत्त्याऐंशीव्या ओळीत माडियाच्या रकान्याशी मुद्रितशोधकाने लाल प्रश्नचिन्ह काढले होते आणि समासात लिहिले होते, ‘येथे शब्द राहिला आहे. मराठीतलाच “उंट” घालू का?’

मी प्रश्नचिन्ह खोडले आणि शेजारी लिहिले, ‘घर रिकामेच ठेवावे.’ मग भीती वाटून त्याखाली आणखी एक ओळ लिहिली, ‘खालचे शब्द वर घेऊ नयेत.’ आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या.